फिरत्या बास्केटबॉलपटूने घर सोडण्यापूर्वी करावयाची तयारी

रत्नागिरी, सिंधुदुर्गातून निघून व्यावसायिक बास्केटबॉल खेळू पाहणाऱ्या, पण दरवर्षी नवा संघ शोधावा लागेल हे मनाशी धरूनच निघणाऱ्या मुलामुलींसाठी ही तयारी लिहीत आहे. संघ बदलत राहण्यात कमीपणा नाही. 2010 पासून एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेल्या इश स्मिथने तिथल्या 13 संघांचा गणवेश घातला, जो विक्रम ठरला, आणि 2023 मध्ये तेराव्या, म्हणजे डेन्व्हर नगेट्सच्या संघात असताना तो विजेताही झाला. त्याच एनबीएत जानेवारीपासून दहा दिवसांचे करार होतात आणि एका हंगामात एका संघाशी असे दोनच करता येतात. त्यानंतर उरलेल्या हंगामासाठी ठेवून घेतात, नाहीतर निरोप देतात. आपली पातळी कोणतीही असो, बोलावणे ऐनवेळी येते, म्हणून तयारी आधीच झालेली हवी.

सर्वप्रथम कागदपत्रे पाहावीत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, कारण अनेक देश त्याशिवाय प्रवेश देत नाहीत. दुसऱ्या देशाच्या महासंघाखाली खेळण्यासाठी फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानुसार आधीच्या महासंघाचे ना-हरकत पत्र लागते. ते मिळवण्याचे काम कोणाचे, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आपल्या पावसाळ्यात कपाटातले कागदसुद्धा ओलसर होतात, तेव्हा सर्व प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात आणि तो डबा कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावे.

करारावर मात्र सर्वांत जास्त वेळ घालवावा. माझ्या एका संघाने शेवटचे दोन हप्ते दिलेच नाहीत. मी तोंडी शब्दावर विसंबलो होतो आणि दाखवायला हाती काहीच नव्हते. म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख, राहण्याचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च, दुखापत झाल्यास उपचार कोण करणार व त्या काळात पगार चालू राहणार का, हे सारे लेखी घ्यावे. परदेशातील करारात वाद फिबाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल असे कलम आहे का, ते शोधावे, कारण दोन्ही पक्षांनी तसे मान्य केलेले नसेल तर तो लवाद प्रकरण हाती घेत नाही.

सरावासाठी घरचे खळे पुरते. रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली खिळा ठोकून त्याला सुतळी बांधावी, 6.75 मीटरवर खडू धरून फिबाची तीन गुणांची कमान आखावी आणि दमलेल्या पायांनी तिच्याबाहेरून नेम धरावा. नव्या संघात दोन दिवसांत डावपेच पाठ करावे लागतात. त्यासाठी एक वही करावी आणि जुन्या संघांत कोणत्या हाकेला कोण कुठे पळत असे, ते आकृतीसह तीत उतरवून ठेवावे. प्रशिक्षकाला उशिरा आलेल्या खेळाडूकडून बचावात चूक नको असते, गुण नंतर.

औषधांच्या बाबतीत हयगय करू नये. शरीरात सापडलेल्या निषिद्ध द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफेड्रीन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाबाहेर आढळल्यास दोष मानला जातो. त्यामुळे गावच्या डॉक्टरांना आपण खेळाडू आहोत हे प्रत्येक वेळी सांगावे, काढे आणि पावडरीही विचारूनच घ्याव्यात.

घरच्यांशी पैशांइतकेच गणपतीबद्दलही बोलून घ्यावे. बहुतेक युरोपीय हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे पूर्वतयारीचे शिबिर नेमके गणपतीच्या दिवसांत येते. सगळे चाकरमानी गावी आलेले असताना आपण आरतीला नसणार, हे आईला आधी सांगितलेले बरे.

बूट दोन जोड घ्यावेत आणि लाकडी मैदानाचा जोड जांभ्याच्या मातीवर कधीच घालू नये, कारण ती लाल धूळ तळाच्या नक्षीत बसली की वळताना पाय सरकतो आणि घोटा जातो. बसलीच तर जुन्या टूथब्रशने कोरडीच काढावी. पावसाळ्यात बूट खोक्यात बंद न ठेवता आत वर्तमानपत्र कोंबून चुलीपासून दूर, वाऱ्यावर ठेवावेत. विमानात हा जोड हातातल्या पिशवीतच असावा. मोठी बॅग मागे राहिली तर गणवेश संघ देईल, पण बारा नंबरचे, पायाला सरावलेले बूट त्या गावात मिळणार नाहीत.