आयडलला गाडी थरथरते? पीसीव्हीचा पाइप खालून बघा

सेकंडहँड घेतलेली दोन सीटची पेट्रोल स्पोर्ट्स कार. सिग्नलला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा, काटा ५०० ते ११०० वर-खाली, स्टिअरिंग थरथरायचं. पळताना मात्र मख्खन. प्लग बदलले, कॉइल अदलाबदल केल्या, थ्रॉटल बॉडी धुतली. पैसे गेले, थरथर तशीच.

मग स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर सवयीने किती पेट्रोल वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +१९ टक्के, २५०० आरपीएमला +४. म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय. पंपाकडूनच पेट्रोल कमी येत असतं तर जास्त आरपीएमला आकडा वाढला असता. इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) धूर सोडला, तर पीसीव्ही पाइपच्या (इंजिनातल्या तेलाच्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा पाइप) वळणावर, अगदी खालून, धुराची बारीक रेघ निघाली. वरून पाइप नवाकोरा!

इंजिन गार झाल्यावर पाइप आणि क्लिपा बदलल्या, कोड पुसला, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आयडलला ठेवली. काटा ८०० वर, ट्रिम +२. पाण्याचा साधा पाइप मात्र लावू नका, तेलाच्या वाफेने फुगतो.