आधी नाक, मग बीगल

आमची कुत्री बुंदी सात वर्षांची आहे. लेमन बीगल, म्हणजे पांढऱ्या अंगावर फिकट बदामी ठिगळं. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं आणि ती. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी 'लहान चणीचं, गोड, फ्लॅटमध्ये मावणारं' म्हणून बीगल आणलं, आणि त्यातल्या दोघांनी वर्षाच्या आत ते दुसऱ्याला देऊन टाकलं. त्या दोन पिल्लांचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

बीगल हे इंग्लंडातलं शिकारी कुत्रं. जमिनीला नाक लावून टोळीनं सशाचा माग काढायचा आणि शिकाऱ्यांनी मागून पायी जायचं, यासाठी ही जात घडवली गेली. खांद्यापाशी उंची ३३ ते ४० सेंटिमीटर, वजन साधारण ९ ते १२ किलो, आयुष्य १२ ते १५ वर्षं. शेपटीचं टोक पांढरं, म्हणजे उंच गवतातही कुत्रं कुठे आहे ते कळतं. आवाज अंगापेक्षा मोठा. स्वभावानं प्रेमळ, मुलांमध्ये रमणारं, कारण टोळीत राहायची सवय रक्तातच आहे. आणि त्याच कारणानं दिवसभर एकटं ठेवलं तर हेल काढून रडतं. घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुणीच नसेल, तर कृपा करून बीगल आणू नका.

नाकाची ताकद किती, तर अमेरिकेत १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगलांचं पथक सुरू झालं, सामानात लपलेली फळं, भाज्या, मांस हुडकायला. माझ्या नणंदेनं बॅगेत तीन कपड्यांच्या आत कढीपत्ता बांधून नेला होता. हिरवं जाकीट घातलेलं बीगल आलं आणि न भुंकता बॅगेपाशी शांतपणे बसलं. ते नाक आता तुमच्या स्वयंपाकघरात आहे, एवढं धरून चाला.

म्हणून पहिला नियम: उघड्यावर पट्टा सोडायचा नाही. बुंदी दीड वर्षाची असताना वेताळ टेकडीवर मी तो सोडला. घरात हाक मारली की धावत यायची, त्यावर मी विसंबले. झुडपात मुंगसाचा वास लागला आणि ती गेली. हाका मारून माझा घसा बसला. पाऊण तासानं सापडली, पंजे सोललेले, नाक अजून जमिनीलाच. ती मुद्दाम दुर्लक्ष करत होती असं नाही. वास लागला की बीगलला बाकीचं जग ऐकूच येत नाही. तेव्हापासून छातीवरचा हार्नेस आणि पाच मीटरची लांब दोरी. फिरायला दिवसाला तासभर तरी हवं, पण भराभर चालवू नका. एका खांबापाशी तीन मिनिटं हुंगू दे. तिचं फिरणं म्हणजे तेच. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी या, रस्ता तापला की तळवे भाजतात.

दुसरं, खाणं. बीगलचं पोट भरलंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. तीन वर्षांची होईतो बुंदी सोळा किलोची झाली होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोळी लाटताना एक तुकडा द्यायच्या, मुलं बिस्किट द्यायची, आणि डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं तेव्हा आम्ही सगळे गप्प. या जातीत मणक्याचा त्रास होऊ शकतो, त्यात जास्तीचं वजन म्हणजे त्या पाठीवर अन्याय. आता दिवसाचं खाणं सकाळीच काट्यावर मोजून डब्यात काढतो, खाऊ द्यायचा तो त्याच डब्यातून. वर गाजर, काकडी. अकरा महिने लागले, पण ती बारा किलोवर आली. घरी तपासायचं तर बरगड्यांवरून तळवा फिरवा: न दाबता बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे.

बेदाणे आणि द्राक्षं कधीही नाहीत, त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्याकडे सत्यनारायणाच्या दिवशी एका पाहुण्यांनी प्रेमानं प्रसादाचा शिरा भरवला, त्यात बेदाणे होते. लगेच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी उलटी करवली, म्हणून निभावलं. 'काही होतंय का बघू' म्हणत थांबू नका. कांदा, लसूण, चॉकलेटही वर्ज्य.

आता कान, कारण पुण्याच्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही, ओल राहते. रोज कान उचलून वास घ्या. निरोगी कानाला फारसा वास येत नाही. आंबूस, शिळ्या पिठासारखा आला की कान बिघडलाय असं समजायचं. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा साफ करते. बुंदीला दोन पायांत बसवायचं, कानाची पाळी वर धरायची, डॉक्टरांनी दिलेलं कान धुण्याचं औषध आत सोडायचं आणि कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळायचं. आतून चुळुकचुळुक आवाज येतो. मग सोडून द्यायचं, ती डोकं झाडते, मळ वर येतो. बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढंच पुसायचं. काडी आत घालायची नाही, खोबरेल ओतायचं नाही. कान लाल असेल, हात लावू देत नसेल किंवा तपकिरी स्राव येत असेल, तर घरी काहीच न करता दवाखाना गाठा.

कान पाहतानाच पाळीच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचीडतापात कुत्रं खाणं सोडतं, आणि बीगलनं जेवण नाकारलं तर त्याच दिवशी तपासून घ्यायचं. रेबीज आणि इतर लसींच्या तारखा मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवते.

ओरडण्याबद्दल: रागावून थांबत नाही, कंटाळा घालवला की पुष्कळ कमी होतं. संध्याकाळी मी जुन्या टॉवेलच्या घड्यांत तिच्याच डब्यातल्या खाण्याचे पंधरा-वीस दाणे लपवते आणि गुंडाळी करून खाली ठेवते. ती नाकानं एकेक घडी उलगडते, फुसफुस आवाज करत, शेपूट ताठ. दहा मिनिटांत टॉवेल पसरलेला असतो, आणि ती त्यावरच झोपलेली.