मूडबोर्ड सुंदर, घर मात्र फसलेलं: या चुका टाळा

घराचं काम काढलेली माणसं भेटायला आली की चहा यायच्या आत मोबाईल पुढे करतात. त्यात सेव्ह केलेले तीन-चारशे फोटो असतात आणि ‘आमचा मूडबोर्ड तयारच आहे’ असं सांगितलं जातं. तो मूडबोर्ड नसतो, नुसता साठा असतो. भिंतीचा रंग, लॅमिनेटचा तुकडा, पडद्याचं कापड, फरशी, हँडल हे सगळं एका फळ्यावर शेजारी-शेजारी ठेवलं की त्यातलं काय एकमेकांशी भांडतंय ते दिसतं. मूडबोर्ड त्यासाठी करायचा. ज्या बोर्डावरून एकही वस्तू खाली उतरली नाही, तो बोर्ड अजून झालेलाच नाही, असं मी समजते.

सगळ्यात जास्त घरं फसतात ती सुरुवात आवडीपासून केल्यामुळे. सुरुवात करायची असते घरात जे हलणार नाही त्यापासून. नाशिकात पाथर्डी फाट्याच्या किंवा म्हसरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये ताबा मिळतो तेव्हा बिल्डरने चार गोष्टी आधीच ठरवलेल्या असतात: पिवळट क्रीम व्हिट्रिफाइड फरशी, खिडक्यांच्या ॲल्युमिनियमचा रंग, दारांचं लॅमिनेट आणि ओट्याचा काळा ग्रॅनाइट. घरातला केवढा तरी रंग या चौघांनीच व्यापलेला असतो आणि बोर्डावर नेमके हेच चौघे नसतात. एका ताईंनी हॉलसाठी थंड राखाडी रंग निवडला होता. बोर्डावर अगदी देखणा दिसत होता. भिंतीवर चढला आणि निळसर वाटायला लागला, फरशी तर वर्षभर पुसली नसावी अशी दिसू लागली. पेंटरची काही चूक नव्हती. दोन रंग शेजारी आले की डोळ्याला त्यांच्यातला फरक वाढवून दिसतो. थंड राखाडीने फरशीचा पिवळेपणा उघडा पाडला, एवढंच. भिंत उबदार राखाडीत घेतली तेव्हा दोघंही शांत झाले.

म्हणून बिल्डरकडून उरलेली एक फरशी मागून घ्या. बहुतेक वेळा मिळते. नसेलच मिळत तर बोर्ड दुकानात किंवा सोफ्यावर बसून करू नका, रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन त्या फरशीवर करा. जुन्या घरातून जे येणार आहे तेही मोजा. आजीचं शिसवी कपाट, भांडीबाजारातून कधीकाळी घेतलेलं पितळी घंगाळ, देवघरातल्या समया. हे ‘नंतर कुठेतरी बसवू’ म्हणून बाजूला ठेवलं जातं आणि मग पांढऱ्या-करड्या हॉलमध्ये ते कपाट पाहुण्यासारखं अवघडून उभं राहतं. बोर्डावर शिसवीचा गडद तपकिरी आणि पितळेचा पिवळा आधी आला, तर बाकीचे रंग आपोआप त्यांच्या ओळीत येतात.

दुसरी चूक उजेडाची. हिच्यात मी स्वतः पोळले आहे, त्यामुळे जरा लांबेन.

माझ्याच बेडरूमच्या कपाटासाठी मी दुकानात फोल्डर चाळून एक लॅमिनेट घेतलं होतं. बदामी, किंचित राखाडीकडे झुकणारं. पडद्याच्या कापडाशी तंतोतंत जुळलं होतं. घरी कपाट उभं राहिलं, संध्याकाळी दिवे लावले, तर लॅमिनेट गुलाबी आणि पडदा हिरवट. दुकानात पांढरी ट्यूब होती, साधारण ६५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर-पांढरा). घरी मी ३००० केल्विनचे पिवळसर दिवे बसवले होते. दोन वस्तूंचे रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि उजेडातला वेगवेगळा भाग परतवतात. हे मला माहीत होतं. तरी दुकानाच्या दारापर्यंत जाऊन दोन्ही तुकडे उन्हात धरायचा कंटाळा केला. कपाट अजून तसंच आहे, पडदे बदलले.

तेव्हा दिवे कोणत्या रंगाचे लावणार हे बोर्ड करण्याआधी ठरवा आणि बोर्ड त्याच दिव्याखाली बघा. एक बल्ब विकत आणायचा, फार काही नाही. त्याशिवाय सकाळी, भर दुपारी, पाचच्या सुमाराला आणि रात्री, असा चार वेळा ज्या त्या खोलीत नेऊन बघा. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर ऊन खोलीत साडेसहा फुटांपर्यंत शिरतं. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि त्याच खिडकीतून दुपारी थेट ऊन येतच नाही. तेव्हा त्रास पश्चिमेचा. दक्षिणेची खोली डिसेंबरात ठरवली, तर जो रंग उबदार वाटतो तो मे महिन्यात मंद वाटू शकतो. बाहेरच्या देशातले पांढरेशुभ्र हॉल बघून मोहात पडतो आपण, पण तिथला सूर्य वर्षातले कित्येक महिने खाली, मवाळ असतो. पश्चिमेची मोठी खिडकी आणि चकचकीत पांढऱ्या भिंती हे आपल्याकडे एप्रिलमध्ये संध्याकाळी डोळे मिटून बसायला लावतं.

आणखी एक बारीक गोष्ट. भिंतीचा नमुना उभा धरून बघायचा, फरशीचा आडवा ठेवून. टेबलावर सगळं आडवं पसरलं की भिंतीचा रंग उगाच उजळ दिसतो. आणि मोबाईलचा रात्रीचा पिवळा मोड चालू ठेवून रंग ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रमाणाचं सांगायचं तर येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा पैठणी बघा. अंग एका रंगाचं, भरपूर. काठ आणि पदर उठावदार, पण अंगापुढे कमीच. आणि एखाद-दुसरा मोर किंवा बुट्टी तिसऱ्याच रंगात, चिमूटभर. इंटिरिअरवाले ६०-३०-१० (मुख्य, दुय्यम आणि उठावाच्या रंगाचे टक्के) म्हणतात ते जवळपास हेच. बोर्डावर मात्र फरशीचा तुकडा, भिंतीचा तुकडा आणि उशीच्या मोहरी रंगाच्या कापडाचा तुकडा हे तिन्ही पत्त्यांएवढे, एकाच मापाचे चिकटवलेले असतात. डोळा फसणारच. फरशी आणि भिंत मोठ्या तुकड्यात घ्या, उशीचं कापड बोटभर. कंटाळवाणा दिसेल बोर्ड, पण खरा दिसेल. लॅमिनेटचा तळहाताएवढा नमुना बघून सात बाय सहा फुटांचं कपाट ठरवणंही तसंच. ते ४२ चौरस फूट होतं. लाकडाच्या रेषांचं जे डिझाइन तुकड्यात नाजूक वाटतं ते तेवढ्या पसाऱ्यावर अंगावर येतं. दुकानदाराकडे आठ बाय चारचा आख्खा शीट उभा करून बघायला मागा. तो कुरकुरेल, तरी मागा.

मापं बोर्डावर नसतात ही पुढची चूक. फोटो रुंद लेन्सने काढलेले, त्यात दहा बाय अकराची खोली वाड्यातल्या दालनासारखी दिसते. हल्ली एआयने काढलेली चित्रंही येतात, त्यातल्या खिडक्या तर कुठल्याच सुताराने केलेल्या नसतात. हिशेब करून बघा: दहा फुटांच्या बाजूला साडेसहा फूट लांबीचा बेड, समोर दोन फूट खोलीचं कपाट. मध्ये राहिला दीड फूट. दीड फुटाचं शटर उघडलं की ते बेडला टेकतं आणि माणूस कुठे उभा राहणार? प्रत्येक फोटोखाली त्या वस्तूचं माप लिहा आणि रिकाम्या खोलीत खडूने आखून त्यावरून चालून या. खडू न मारता केलेल्या बोर्डावर मी विश्वास ठेवत नाही.

फोटोतल्या उघड्या शेल्फांबद्दल एकच वाक्य: आपल्याकडे दिवसातून दोनदा फोडणी होते.

देवघर आणि गौरी-गणपतीची जागा बोर्डावर कुणीच घेत नाही. भाद्रपदात मग टीव्ही युनिटसमोर टेबल लागतं, मागचा काळा मॅट पॅनेल साडीने झाकला जातो आणि सासूबाई म्हणतात, ‘मी तेव्हाच सांगत होते.’ खरंच सांगत होत्या. त्यांच्यासाठी वेगळा उपाय आहे: घरातल्या प्रत्येकाला ‘काय हवं’ असं विचारू नका, ‘काय नको’ त्याचे तीन फोटो मागा. हवं असलेल्यावर घरात एकमत होत नाही, नको असलेल्यावर लवकर होतं. बोर्ड तिथून पुढे सरकतो.

आणि समजा बोर्ड झाला, पण काहीतरी खटकतंय आणि काय ते कळत नाही. त्याचा मोबाईलवर फोटो काढून कृष्णधवल करा. सगळे तुकडे एकाच करड्या छटेत बुडाले असतील तर घर सपाट दिसणार. एखादी गडद किंवा एखादी फिकट गोष्ट हवी आहे. सगळंच ठळक काळं-पांढरं दिसत असेल तर डोळ्याला टेकायला जागा नाही. कृष्णधवलमध्ये ठीक असेल, तर गोंधळ रंगछटांचा आहे. मग एकेक तुकडा हाताने झाका. ज्याला झाकल्यावर बाकीचे निवांत होतात, तो काढायचा. बहुतेक वेळा तो तुमचा सगळ्यात लाडका तुकडा असतो.

हॉल, किचन, बेडरूम यांचे तीन स्वतंत्र बोर्ड करून त्यांची कधी भेटच घालून न देणं हेही होतं. टू-बीएचकेत सोफ्यावर बसलं की किचनचा ओटा आणि बेडरूमचं दार दिसतं. तिन्ही बोर्ड एका भिंतीला टेकवून दारातून बघा.

शेवटचा गोंधळ बोर्डाच्या मागच्या बाजूचा. रंगाचा कोड, लॅमिनेटचा नंबर, फिनिश मॅट की ग्लॉसी, दुकान आणि भाव प्रत्येक तुकड्याच्या मागे लिहा. पेंटरला स्क्रीनशॉट पाठवला तर तो त्याच्या मोबाईलवर दिसेल तो रंग आणणार. फरशी घेताना बॉक्सवरचा बॅच नंबर टिपून घ्या, कारण चार बॉक्स कमी पडले आणि नंतर दुसऱ्या बॅचचे आले तर छटा हलते. भिंतीवर दोन बाय दोन फुटांच्या चौकोनात रंगाचे दोन हात मारून घ्या आणि पूर्ण वाळू द्या; ओल्या इमल्शनवरून ठरवू नका, वाळल्यावर ते बहुधा गडद होतं. हे सगळं जमलं की बोर्डावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा आणि तो साइटवर, मिस्त्रींच्या नजरेसमोर टांगा. घरी कपाटात ठेवलेला बोर्ड ते बघू शकत नाहीत. प्लॅस्टिक जाडच घ्या. पुट्टी घासायला लागली की दोन दिवसांत सगळे रंग एकच होतात.