कोथरूड ते हिंजवडी, रोज सायकलने: लांबचा पल्ला कसा निभवायचा

पुण्यात सायकलने कामावर जायचं ठरवलं की डोळ्यांसमोर सकाळ येते. गार हवा, मोकळा रस्ता, ताजे पाय. सकाळ खरंच तशीच असते. पण महिन्याभरात ज्यांची सायकल परत बाल्कनीत गेली, त्यांच्याशी बोलून बघा. बहुतेकांची तक्रार संध्याकाळची असते: दिवसभर खुर्चीत आखडलेलं अंग, पोटात भूक, अंधार, वाकडची गर्दी आणि पुढे अजून १५ किलोमीटर. म्हणून खालची प्रत्येक गोष्ट मी एकाच कसोटीवर घासून घेतली आहे. संध्याकाळी सात वाजता तिचा उपयोग होतो का?

माझा रस्ता कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूने साधारण १८ किलोमीटर. ताशी १५ च्या चालीने सव्वा तास लागतो. तुमचा रस्ता धायरी ते भोसरी असेल किंवा हडपसर ते चाकण, बाकी हिशेब फारसा बदलत नाही.

१. आधी रविवारी एकदा जाऊन या

रविवारी सकाळी निवांत निघा आणि रस्ता बघून घ्या. माझ्या रस्त्यावर चांदणी चौकाचा चढ जातानाही आहे आणि येतानाही, कारण चौक दोन्ही बाजूंपेक्षा उंचावर आहे. महामार्गाला लागून असलेला सेवा रस्ता सलग नाही. मध्येच तो संपतो आणि ट्रकांच्या रांगेत घुसावं लागतं. म्हणून मी पाषाण, बाणेर, बालेवाडी अशी आतल्या रस्त्यांनी जाते. दीड-दोन किलोमीटर जास्त पडतात, पण माझा जीव थाऱ्यावर राहतो.

या फेरीत तीन गोष्टी मनात नोंदवा: हवा भरायचा पंप कुठे आहे, पंक्चरवाला कुठे बसतो, आणि दिवे नसलेला पट्टा कोणता. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेरीला एकच रस्ता हवा असा काही नियम नाही. संध्याकाळी उजेड आणि दुकानं असलेला रस्ता घ्या, लांब पडला तरी.

वाऱ्याचाही विचार करा. पावसाळ्यात पुण्यावर पश्चिमेचा वारा असतो आणि हिंजवडी कोथरूडच्या वायव्येला आहे. म्हणजे जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. त्या दिवसांत सकाळी दहा मिनिटं लवकर निघायचं, एवढंच.

२. पहिले दोन आठवडे एकाच बाजूने

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती हीच. सोमवारी सायकलने जा, सायकल ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवा आणि बसने किंवा सहकाऱ्याच्या गाडीने घरी या. मंगळवारी बसने किंवा गाडीनेच जा आणि सायकलने परत या. बुधवारी विश्रांती. गुरुवार-शुक्रवारी पुन्हा तेच. शरीराला रोज एकच फेरी मिळते, आणि संध्याकाळच्या रस्त्याची ओळख सकाळचा थकवा अंगावर नसताना होते.

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यात दोन दिवस जाऊन-येऊन, मग तीन. रोज जायलाच हवं असं नाही. ज्यांचं काम वनाझ-रामवाडी मेट्रोच्या पट्ट्यात आहे त्यांची आणखी सोय आहे. पुणे मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते, त्यामुळे येतानाचा अर्धा पल्ला मेट्रोने काटता येतो.

३. सीटची उंची लावून घ्या

भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच टेकवा. पाय सरळ व्हायला हवा. मग पायडलवर चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडा बाक आपोआप येतो. बहुतेक सायकली मी बघते त्या सीट खाली ठेवून चालवलेल्या असतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. चौकापर्यंत जायला ते चालतं. रोज ३६ किलोमीटर चालवायचे तर गुडघे बोलायला लागतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट फार वर गेली आहे.

गिअर हलका ठेवा आणि पाय मिनिटाला ७० ते ८० वेळा फिरू द्या. चढावर एक गिअर आधीच खाली उतरा. चढाच्या मध्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन कुरकुरते आणि लवकर झिजते.

४. हवा आणि पंक्चर

टायरच्या कडेला हवेचा दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो. ३५ मिलिमीटरच्या हायब्रिड (शहरी, मध्यम रुंद) टायरला ६० च्या आसपास आणि दोन इंची एमटीबी (डोंगरी सायकलच्या जाड) टायरला ४० च्या आसपास बरा पडतो. आठवड्यातून एकदा दाब दाखवणारं गेज असलेल्या पंपाने हवा भरा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी.

पिशवीत कायम हवं ते एवढंच: एक नवी ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लीव्हर, पॅच आणि सोल्यूशन, छोटा पंप, ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) जुडगा, जुना सुती रुमाल. रुमाल विसरू नका.

एकदा बाणेरजवळ संध्याकाळी पावणेआठला मागचं चाक बसलं. दुकानाच्या शटरखालच्या उजेडात ट्यूब बदलली, हवा भरली, निघाले आणि ५०० मीटरवर पुन्हा चाक खाली. तेव्हा कळलं की काटा आतच राहिला होता. टायरच्या आतल्या बाजूने रुमाल हळूहळू फिरवत नेला. एका जागी त्याचा धागा अडकला. बोटाला काही जाणवत नव्हतं, डोळ्याला तर नाहीच. नखाने टायर बाहेरून दाबला तेव्हा आत एक बारीक तार वर आली, केसाएवढी, जेमतेम तीन मिलिमीटर. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि आपण नेमके त्याच कडेने जातो. ती तार नखाने ओढून काढली, भोक पडलेल्या ट्यूबला पॅच मारला आणि पाऊण तास उशिरा घरी पोचले. तेव्हापासून नवी ट्यूब घालण्याआधी रुमाल पूर्ण फेरा फिरवल्याशिवाय मी टायर बसवत नाही.

हे सगळं रस्त्यावर पहिल्यांदा करू नका. घरी, उजेडात, मागचं चाक दोनदा काढून-लावून बघा. चेनमुळे मागचंच जास्त अवघड जातं.

५. घाम, कपडे, पिशवी

पाठीवर सॅक घेऊ नका. पाठ भिजते आणि येताना खांदे अवघडतात. मागे कॅरिअर बसवा आणि त्याला पिशवी लावा. बूट, पट्टा, एक टॉवेल आणि एक जादा शर्ट ऑफिसच्या खणात राहू द्या.

पोचल्या पोचल्या कपडे बदलू नका. शरीर आतून तापलेलं असतं, पुढची दहा मिनिटं घाम येतच राहतो आणि धुतलेला शर्ट लगेच ओला होतो. पार्किंगमध्ये किंवा पंख्याखाली थोडं थांबा, पाणी प्या, मग ओल्या टॉवेलने अंग पुसा. ऑफिसात अंघोळीची सोय नसली तरी यावर काम भागतं. घामाचे कपडे खुर्चीमागे हवेशीर वाळत टाका, कारण संध्याकाळी तेच घालायचे आहेत. ओला, आंबलेला शर्ट पुन्हा अंगात घालायचा या विचारानेच माणूस कॅब बोलावतो.

पहिल्या महिन्यात बसायची जागा दुखते. पॅड असलेली चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवण घासते आणि फोड येतात. जिथे घासतं तिथे थोडं खोबरेल तेल लावा. बोटांना मुंग्या येत असतील तर हँडलवरची पकड बदलत राहा आणि सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते बघा.

६. संध्याकाळचं खाणं

सकाळी निघताना एक केळं किंवा दोन-तीन खजूर पुरतात. पोचल्यावर पोहे, उपमा, जे असेल ते पोटभर खा. खरी गफलत संध्याकाळी होते. दुपारी एकला जेवलेला माणूस सातला सायकलवर बसतो तेव्हा पोट रिकामं असतं. चांदणी चौकाच्या चढावर पाय थरथरतात, चिडचिड होते, आणि वाटतं की आपल्याला हे झेपत नाही. झेपतं, फक्त पोटात काही नसतं. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास चणे-गूळ, शेंगदाण्याचा लाडू किंवा पोळीचा रोल खा. उन्हाळ्यात बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

७. रस्त्यावर

डाव्या काठाला अगदी चिकटून चालवू नका. तिथे खडी, काच आणि गटाराच्या जाळ्या असतात, आणि जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला असतील तर चाक आत अडकतं. काठापासून दोन-अडीच फूट आत राहा. मागच्याला तुम्ही दिसता, आणि खड्डा चुकवायला दोन्ही बाजूंना जागा मिळते.

बस, डंपर, काँक्रीटचा मिक्सर यांच्या डाव्या बाजूला कधीही थांबू नका. ते डावीकडे वळताना चालकाला तुम्ही दिसत नाही. सिग्नलला त्यांच्या मागेच उभे राहा. बाणेर-बालेवाडीच्या बांधकामांमुळे ही वाहनं रोजची आहेत, आणि या एका बाबतीत मी घाई करत नाही.

अंधार पडण्याआधी दिवे लावा: पुढे पांढरा, मागे लाल. मागचा दिवा पिशवीने झाकला जात नाही ना, हे कुणाला तरी मागे उभं करून बघा. माझा कितीतरी दिवस झाकलेला होता. घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. ती वर-खाली हलते, त्यामुळे ही सायकल आहे हे गाडीवाल्याला लांबूनच कळतं.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. हळू व्हा, आवाज द्या. फारच अंगावर आली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा.

८. पावसाळा

दोन्ही चाकांना लांब मडगार्ड बसवा. रस्त्यावरचा चिखल वरच्या पावसापेक्षा जास्त भिजवतो. जाड रेनकोटात घामानेच भिजायला होतं. माझ्या मते पातळ जाकीट घालावं, थोडं भिजावं आणि कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून न्यावेत. पोंचो वाऱ्याने शिडासारखा फुगतो, त्याच्या नादी लागू नका.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पत्रे निसरडे होतात. त्यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका, सरळ जा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा आधीपासून हलका दाबून रिम पुसून घ्या. साचलेल्या पाण्याखाली झाकण उघडं असू शकतं. तिथे उतरा.

वीज कडाडत असेल, ताप असेल किंवा झोप पाच तासांपेक्षा कमी झाली असेल, तर त्या दिवशी बस.

९. घरी पोचल्यावर पाच मिनिटं

महिन्याला २० दिवस म्हणजे ७२० किलोमीटर. इतकं चालल्यावर सायकलला दुरुस्तीवाल्याच्या भरवशावर सोडून चालत नाही. दर आठवड्याला चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाका आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून घ्या. पावसात भिजली तर त्याच रात्री. दर दोन-तीन महिन्यांनी चेनची झीज मोजून घ्या. ताणलेली चेन तशीच चालवली तर मागची कॅसेटही (चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) जाते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. चाक डुगडुगत असेल तर आऊट काढून, म्हणजे तारा कसून सरळ करून घ्या. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला.

आणि रोज रात्री, वर घरात जाण्याआधी, पार्किंगमध्येच हे करा: दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा, चाक फिरवून टायरमध्ये रुतलेली काच काढा, दिवे चार्जिंगला काढून घ्या, ओला शर्ट आणि मोजे पिशवीतून बाहेर काढा. मग जेवायला जा.