कोळशाची वाघीण घरी बनवताना

चंद्रपूर, कोराडी किंवा दीपनगरच्या वीजकेंद्राकडे निघालेली कोळशाची मालगाडी फाटकापाशी थांबून मोजली नाही, असा रेल्वेवेडा विरळाच. ५८-५९ वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, ती रांग बहुधा बॉक्सएन या उघड्या प्रकाराची असते. पहिल्यांदाच शून्यातून मॉडेल करणाऱ्यानं हीच वाघीण घ्यावी. हिला छप्पर नाही, खिडक्या नाहीत, भिंतीही सरळ.

प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मिमी होतो, पण एचओचे तयार रूळ १६.५ मिमीचे मिळतात. ही तडजोड मुकाट्यानं स्वीकारा. रूळही स्वतः बनवायला गेलात तर वाघीण राहूनच जाईल.

आधी मापं. आतली लांबी ९७८४ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ११२.५. आतली रुंदी २९५० म्हणजे ३३.९, आतली उंची १९५० म्हणजे २२.४ आणि दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चाकांची चौकट) मध्यांतलं अंतर ६५२४ म्हणजे ७५ मिमी. भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या किती नि कुठे, हे फोटोवरून काढा. फलाटावरून अगदी समोरून घेतलेला फोटो असा छापा की बोगींच्या मध्यांतलं अंतर ७५ मिमी भरेल. मग कागदावर पट्टी ठेवून थेट मापं घेता येतात.

आता सामान. माझी पहिली वाघीण माउंटबोर्डची होती. मे महिन्यात ती ताठ उभी होती, जुलैत तिचं केळं झालं. तरीही माउंटबोर्ड टाकून देऊ नका. मापं पडताळायला त्याचा एक कच्चा डबा जरूर करा, चूक स्वस्तात कळते. सनबोर्ड मऊ असतो आणि त्याच्या कडा लपत नाहीत, तो टाळा. खरं काम पॉलिस्टायरीनच्या (कडक प्लास्टिकच्या) शीटचं: तळाला १ मिमी, भिंतींना ०.५ मिमी. हिशेबही छान जुळतो. ३३.९ मध्ये दोन भिंती आणि बाहेरच्या १ मिमीच्या पट्ट्या मिळवल्या की ३६.९ होतात; खऱ्या वाघिणीची ३२०० मिमी रुंदी १:८७ मध्ये ३६.८ येते.

चाकं आणि बोगी विकतच घ्या, यात कमीपणा नाही. आपल्या वाघिणींखालची कॅसनब नावाची बोगी तीन भागांची ओतीव, अमेरिकी धाटणीची असल्यामुळे तिकडच्या तयार बोगी बऱ्यापैकी शोभतात. फक्त दोन आसांतलं अंतर आपल्या २३ मिमीपेक्षा थोडं कमी भरतं.

शीट आरपार कापायचं नसतं. स्टीलच्या पट्टीला धरून कटर दोन-तीनदा हलक्या हातानं ओढा आणि रेघेवर मोडा. तळाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून लांब भिंती लावा (उंची २३.४, कारण तळाची जाडी धरायची), आखूड भिंती त्यांच्यामध्ये तळावर उभ्या करा. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून बघा. चिकटवायला स्टायरीनचं पातळ सिमेंट ब्रशनं सांध्यात सोडा, खिडकी उघडी ठेवून. फेविक्विकचा सांधा धक्क्यानं सुटतो आणि भोवती पांढरी झाक येते. वरच्या काठाला पट्टी लावायला विसरू नका, नाहीतर पातळ भिंती आत झुकतात. दोन शीट एकमेकांवर चिकटवणार असाल तर एकाला आधी बारीक भोकं पाडा. आत अडकलेलं सिमेंट वाट न मिळाल्यानं महिन्या-दोन महिन्यांनी शीट वाकवतं.

एक बोगी स्क्रूनं अशी बसवा की ती फक्त वळेल. दुसरी थोडी सैल, म्हणजे डावी-उजवीकडे झुलेलही. दोन्ही घट्ट केल्या की रूळ जरा वर-खाली झाला तरी गाडी घसरते. वरचा काठ रुळाच्या माथ्यापासून ३७ मिमीवर येईपर्यंत बोगीवर स्टायरीनच्या चकत्या घाला.

रंग रेड ऑक्साईडच्या जवळचा तपकिरी. स्प्रेचा थिनर स्टायरीन खाऊ शकतो, म्हणून आधी तुकड्यावर मारून पाहा आणि पातळ थर द्या. घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. त्यामुळे पांढऱ्या डेकल कागदावर (छापलेलं चित्र डब्यावर उतरवायचा कागद) पार्श्वभूमी डब्याच्या रंगात छापा आणि वाघिणीचा ११ आकडी क्रमांक कोरा सोडा.

रिकामा डबा फार हलका होतो. अमेरिकेच्या एनएमआरए संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या लांबीला ९० ग्रॅमच्या आसपास वजन हवं. उघड्या वाघिणीत ते लपवायला जागा एकच, कोळशाखाली. तळावर लोखंडी नट चिकटवा, वर पुठ्ठ्याचा उंचवटा करा. कोळसा खराच वापरा: खडा कापडात गुंडाळून हातोडीनं फोडा, चहाच्या गाळण्यातून चाळा, पसरा आणि पाणी घातलेलं फेविकॉल भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरनं सोडा. ते गाळणं मात्र परत ओट्यावर ठेवू नका. घरात पुढची वाघीण बनवू देतील की नाही, हे त्यावरच ठरतं.