फेब्रुवारीत चाललेला अमोनिया सेन्सर जुलैत का रुसतो? पॉलिअ‍ॅनिलीनवाल्यांनो, या चुका टाळा

कोपरखैरण्यातल्या एका कॉलेजात एमएस्सीचे प्रोजेक्ट पाहताना दर पावसाळ्यात हेच गाऱ्हाणं ऐकतो: "सर, पॉलिमर खराब झालं." फेब्रुवारीत त्याच पट्टीने, म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीन या वीजवाहक पॉलिमरचा लेप दिलेल्या सेन्सरने, झकास आलेख दिलेला असतो. जुलैत अमोनिया सोडला की पट्टीचा विद्युत रोध वाढायच्या ऐवजी उलट घसरतो. बिचारं पॉलिमर बहुतेक वेळा निर्दोष असतं.

हा विषय मुलं हौसेने घेतात, कारण गरज समोरच दिसते. तुर्भ्याकडच्या शीतगृहांसारख्या ठिकाणी थंडाव्यासाठी अमोनिया खेळवला जातो. आठ तासांच्या कामासाठी त्याची सुरक्षित मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) धरतात, आणि ३०० पीपीएमला जिवावर बेतू शकतं. टिन ऑक्साइडसारखे सेन्सर साधारण २०० ते ४०० अंशांपर्यंत तापवावे लागतात. पॉलिअ‍ॅनिलीन मात्र खोलीच्या तापमानालाच काम करतं. त्याचं हिरवं रूप आम्लामुळे वीजवाहक असतं. अमोनिया त्यातला प्रोटॉन पळवतो, रंग निळ्याकडे झुकतो आणि रोध वाढतो.

थेंब टाकून मोकळं होणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दहा लिटरचा डेसिकेटर (झाकणाचं हवाबंद काचपात्र), आत पट्टी, आणि ड्रॉपरने बाटलीतल्या २५ टक्के अमोनियाच्या द्रावणाचा एक थेंब. वहीत नोंद काय, तर "अमोनिया दिला". किती दिला? हिशेब करा. ५० मायक्रोलिटरच्या थेंबात सुमारे ११ मिलिग्रॅम अमोनिया असतो. तो दहा लिटर हवेत पसरला की दीड हजार पीपीएमच्याही वर जातो. एवढ्याला नाकही पुरतं, सेन्सर कशाला?

मग कोणीतरी शहाणपणाने द्रावण शंभरपट पातळ करतं आणि तेवढाच थेंब टाकतं. आता अमोनिया १६-१७ पीपीएम झाला, पण सोबत ५० मिलिग्रॅम पाणीही गेलं. ३० अंशांना दहा लिटर हवा जेमतेम ३०० मिलिग्रॅम बाष्प धरते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता एका थेंबात १६ टक्क्यांनी वर. आपल्याकडे पावसाळ्यात ती आधीच ८५ च्या आसपास असते. बेरीज शंभराच्या पुढे गेली, की थेंब पूर्ण सुकतच नाही आणि पुष्कळसा अमोनिया त्या ओल्या डागातच अडकून बसतो. वर पॉलिअ‍ॅनिलीनला ओल मिळाली की त्याचा रोध बहुधा खाली येतो. अमोनिया वर ढकलतो, पाणी खाली खेचतं, आणि तुमच्या आलेखावर उमटते ती या दोघांची ओढाताण.

उपाय सोपा आहे. द्रावण दहापटच पातळ करा आणि मायक्रोपिपेटने ३ मायक्रोलिटर टाका. साधारण १० पीपीएम मिळतील आणि आर्द्रता एखाद्या टक्क्यानेच हलेल. आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा ठेवा. त्याआधी नुसत्या पाण्याचे ३ मायक्रोलिटर टाकून पट्टी काय म्हणते ते बघा. ही कोरी चाचणी नसलेला आलेख मी हल्ली परत पाठवतो. हवा कोरडी करायला सिलिका जेल ठेवत असाल, तर अमोनिया सोडण्याआधी ते बाहेर काढा, कारण ते अमोनियाही गिळतं.

पाण्याने "स्वच्छ" धुणं

अ‍ॅनिलीनपासून बनवून गाळलेली पॉलिअ‍ॅनिलीनची हिरवी भुकटी मुलं लिटमस तटस्थ होईपर्यंत पाण्याने धुतात, इडलीचे तांदूळ धुवावेत तशी. पाण्यासोबत आम्लही निघून जातं, भुकटी निळसर होते आणि मल्टीमीटर मेगाओहम, म्हणजे प्रचंड रोध, दाखवतो. शेवटचं धुणं ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग अ‍ॅसिटोनने. निळी पडलेली पट्टी आम्लाच्या वाफेवर धरली की बहुतेकदा परत हिरवी होते, त्यामुळे फेकण्याआधी एवढं करून बघा.

अ‍ॅनिलीन जुनं होऊन चहासारखं दिसत असेल तर ते ऊर्ध्वपातित करूनच वापरा, आणि हातमोजे घाला, कारण ते कातडीतून शरीरात जातं. १९६७ मध्ये उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ शिराकावांच्या हाती पॉलिअ‍ॅसिटिलीनची चकाकती फिल्म लागली हे खरं, पण आपल्या चुकीतून सहसा काळपट गाळच निघतो.

तांब्याच्या पट्ट्या

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा पीसीबी (तांब्याच्या पट्ट्यांचा सर्किट बोर्ड) स्वस्त पडतो म्हणून त्यावरच लेप देतात. लेपातलं आम्ल तांबं खातं. काही दिवसांनी कडेला हिरवट किटण दिसतं आणि रीडिंग सरकू लागतं. मग तुम्ही मोजता तो तांब्याचा गंज. छापील कार्बनचे इलेक्ट्रोड घ्या. किटण नसतानाही रोध महिनोन्‌महिने हळूहळू चढत असेल, तर हायड्रोक्लोरिक आम्ल उडून जात असेल. त्याऐवजी कॅम्फरसल्फॉनिक आम्लासारखं न उडणारं आम्ल वापरून बघा.

घाईचंही एक सांगतो. पहिला डोस दिल्यावर रोध मूळ पातळीला यायला कित्येक मिनिटं लागतात. तेवढी वाट न बघता दुसरा डोस दिला, की "संवेदनशीलता घटली" असा निष्कर्ष निघतो.

खाडीचा वास

ओहोटीला ठाणे खाडीवरून येणारा सडक्या अंड्यासारखा वास घेऊन एक मुलगी म्हणाली, "याच पट्टीने हायड्रोजन सल्फाइड मोजूया ना." मोजता येत नाही. तो आम्ल म्हणून फार दुबळा असल्याने साध्या पॉलिअ‍ॅनिलीनवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. निळ्या, आम्ल काढलेल्या रूपात कॉपर क्लोराइड मिसळलं तर गोष्ट वेगळी: वायू तांब्याला धरून सल्फाइड बनवतो, सुटं झालेलं हायड्रोक्लोरिक आम्ल पॉलिमरला वाहक करतं आणि रोध खाली येतो. तिने तशी पट्टी केली. पहिल्याच दिवशी, कोरी चाचणी न करता, ती भर पावसात ऐरोलीच्या पुलाखाली नेऊन धरली. रोध घसरला खरा. आता ती नुसतं पाणी टाकून पुन्हा मोजते आहे.