चौकातला स्मृतिफलक: आधी जवानाचं घर, मग रंग

मी नागपूरच्या महाल भागात पाट्या रंगवतो. कारगिल विजय दिन जवळ आला की कुणीतरी येतंच, "भाऊ, चौकात शहीद जवानाचा फलक लावायचाय, परवापर्यंत द्या." असं घाईत हे काम करू नका. महिनाभर आधी लागा, आणि पहिली फेरी जवानाच्या घरी मारा. फलक हवा का, कोणत्या चौकात हवा, फोटो कोणता, हे वीरमातेला, वीरपत्नीला विचारा. रोजच्या रस्त्यात नवऱ्याचा फोटो दिसणं एखादीला सोसत नाही. तिने नको म्हटलं की विषय संपला.

मजकुरात रँक, पूर्ण नाव, युनिट, वीरमरणाची तारीख, ठिकाण, पदक. हे सर्व्हिसच्या कागदांवरून उतरवा, व्हॉट्सॲपवरून नाही. कागद सापडत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आपल्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. त्या रेजिमेंटच्या वीराचं नाव असं लिहावं: लान्स नायक अल्बर्ट एक्का, परमवीर चक्र (मरणोत्तर), १४ गार्ड्स, गंगासागर, ३ डिसेंबर १९७१. वाचणाऱ्याला माणूसही कळतो, लढाईही. नुसतं 'वीर जवान अमर रहे' लिहिलं तर कोण गेला तेच कळत नाही.

फ्लेक्स नको. नागपूरचं ऊन त्याचा रंग उडवतं. जाड पत्रा, त्यावर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग), मग गडद निळा इनॅमल आणि पांढरी अक्षरं. मी आधी खडूत सूत बुडवून रेघ मारतो, खडूनेच नाव काढतो आणि घरच्यांना बोलावतो. एकेक वेलांटी, उकार त्यांनी बोट ठेवून पाहिला की मगच ब्रश उचलतो. शुभेच्छुकांची यादी आणि पुढाऱ्यांचे फोटो मात्र या पत्र्यावर मी काढत नाही. ही जागा त्या एकाची आहे.

तिरंग्यावर नाव लिहून मागतात, तेही नाही. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वजावर अक्षरं काढायची नसतात, आणि स्मारक झाकायलाही तो वापरायचा नसतो. अनावरणाला साधं पांढरं कापड घ्या. ध्वज वेगळ्या काठीवर, केशरी पट्टा वर, जमिनीला कुठे टेकू न देता.

जागेसाठी मनपाच्या झोन कार्यालयात अर्ज द्या. जुलैत पाऊस असतो, मांडव घाला. पहिलं पुष्पचक्र घरच्यांचं, दुसरं वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर माजी सैनिकाचं, पाहुणे त्यानंतर. माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्या द्या, पदकं लावून यायला आधीच सांगा. दोन मिनिटं मौन पाळताना डीजे बंद हवा, जनरेटरही लांब ठेवा.

मंडळाचे पदाधिकारी बदलले की पुढच्या वर्षी घरच्यांना बोलावणंच जात नाही. म्हणून घरच्यांचा फोन नंबर आणि फलक पुन्हा रंगवायचा महिना मंडळाच्या वहीत लिहा, आणि वही मंडळातल्या दोघा जणांच्या माहितीत ठेवा.